मित्राच्या जाण्याला सुतक नसते, शोक मात्र असतो

आपल्याकडे घरात मृत्यू झाला की पुढचे तेरा दिवस कसे जायचे हे ठरलेले असते. कोणी किती दिवस सुतक पाळायचे, चुलीवर काय शिजवायचे, पिठले-भात कोणाच्या घरून यायचा, दहाव्याला कोणी जायचे, याची व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ती जाचक वाटली तरी तिच्यात एक शहाणपण आहे. ज्याचे माणूस गेले त्याला काही दिवस कामातून मोकळे केले जाते, त्याच्याजवळ कोणीतरी बसते, आणि त्याच्या डोळ्यांतील पाण्याचे कारण कोणी विचारत नाही.

या व्यवस्थेत मित्राला स्थान नाही. पन्नास वर्षांचा मित्र गेला, तर स्मशानातून परतून आंघोळ करायची आणि संध्याकाळचा चहा नेहमीच्या वेळी घ्यायचा. नोकरी असेल तर रजा मिळत नाही. समाचाराला येणारे मित्राच्या घरी जातात. आपल्या घरी कोणी येत नाही. अमेरिकेतील अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा शोकाकडे जाणकारांचे लक्ष वेधले. ज्या दुःखाला समाज मान्यता देत नाही, ते दुःख माणसाला एकट्यानेच वाहावे लागते आणि म्हणून ते अधिक जड होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्या घरांतील वृद्धांच्या बाबतीत हे मला वारंवार जाणवते.

नेरळ आणि वांगणी यांच्या मधले आमचे शेलू हे लहानसे स्थानक. गेल्या काही वर्षांत येथे नव्या वसाहती उभ्या राहिल्या आणि मुंबईत आयुष्य काढलेली अनेक निवृत्त जोडपी येथे राहावयास आली. हवा चांगली, समोर माथेरानचा डोंगर, जागा परवडणारी. मात्र मित्र गिरगावात, लालबागेत, डोंबिवलीत राहिले. असे एखादे गृहस्थ दवाखान्यात येतात ते झोप लागत नाही, जेवण जात नाही किंवा रक्तदाब एकाएकी वाढला, ही तक्रार घेऊन. घरात काही घडले का, असे विचारले तर “घरी सगळे ठीक आहे, डॉक्टर” असे उत्तर येते. तपासणी होते, चिठ्ठी लिहून होते, आणि उठता उठता ते म्हणतात, “एक मित्र गेला मागच्या महिन्यात.” आजाराचे मूळ त्या शेवटच्या वाक्यात असते.

डोंगरातील सोबती

या पिढीतील पुष्कळांच्या मैत्रीचे गोत्र डोंगर हेच आहे. शनिवारी रात्रीची लोकल पकडून कर्जतला उतरायचे, पहाटे पेठचा किल्ला चढायचा, खांडसवरून शिडीच्या वाटेने भीमाशंकर गाठायचे, ढाकच्या बहिरीला जायचे, हा त्यांच्या तरुणपणीचा क्रम होता. एका दोराला बांधलेली माणसे पुढे चाळीस वर्षे एकमेकांच्या लग्नकार्यांत आणि आजारपणांत उभी राहिली. त्यामुळे यांपैकी एखाद्याचा मृत्यू डोंगरातच अपघाताने झाला, तर मागे राहिलेल्यांचे मित्र जातात आणि त्याबरोबर ज्या जागेवर त्यांनी मनापासून प्रेम केले तीही जागा परकी होते.

जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील गिर्यारोहकांनी हा अनुभव घेतला. ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत हे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दोराने उतरण्याच्या मोहिमेत दरीत कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. ते तेव्हा वयाच्या साठीत होते. सांदण दरी गिर्यारोहकांच्या परिचयाची करून देण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. दोराने कडे उतरण्याचे शिक्षण त्यांच्याकडून घेतलेली माणसे राज्यभर आहेत. आमच्या शेजारच्या मुरबाड तालुक्यातून तो आत वळलेला प्रचंड कडा दिसतो. एवढ्या अनुभवी माणसाचा असा शेवट झाल्यावर त्यांच्या पिढीच्या मनात दोन प्रश्न उभे राहिले. “त्याच्यासारख्याचे असे झाले, तर कोणाचे काय सांगावे?” हा पहिला. दुसरा अधिक बोचरा होता: “आपण बरोबर असतो, तर?”

डोंगर बदलला तरी हे प्रश्न बदलत नाहीत. मुलगा परदेशी असतो, त्याचा जिवलग मित्र बर्फावर स्कीइंग करताना जातो, आणि फोनवर मुलाचे रडणे ऐकणाऱ्या आईवडिलांना त्याचे सांत्वन कसे करावे ते कळत नाही. तेथेही मुलगा हेच म्हणत असतो, की त्या दिवशी मी बरोबर जायला हवे होते.

अपघाती मृत्यूचा शोक वेगळा का असतो?

दीर्घ आजारात घरच्यांप्रमाणे मित्रांच्या मनाचीही थोडी तयारी होत असते. भेटून येता येते, हात हातात घेता येतो, जुने रुसवे मिटवता येतात. अपघात ही सवड देत नाही. सकाळी ज्याचा संदेश आला, त्याच्याविषयीचा संदेश संध्याकाळी येतो. त्यामुळे मन प्रथम ही वार्ता स्वीकारतच नाही. कित्येक दिवस फोन वाजला की त्याचाच असेल असे वाटते. हा भ्रमिष्टपणा समजू नये. इतक्या वर्षांची सवय मोडण्यास मेंदूला वेळ लागतो.

अपघाताबरोबर आणखी दोन गोष्टी येतात. पहिली म्हणजे न पाहिलेले दृश्य डोळ्यांपुढे येत राहणे. कल्पनेत मनुष्य तो प्रसंग अनेक वेळा आणि बहुधा प्रत्यक्षाहून भयंकर रूपात पाहतो. आज भर पडते ती फोनवर फिरणाऱ्या चित्रफितींची. माझा सल्ला असा की वृद्धांनी त्या पाहू नयेत आणि घरच्यांनी त्या दाखवू नयेत. त्याऐवजी घटनास्थळी असलेल्या एखाद्या विश्वासू माणसाकडून काय घडले ते एकदा, शांतपणे, पूर्ण ऐकून घ्यावे. अर्धवट माहितीतील रिकाम्या जागा मन भीतीने भरते. खरी हकीगत दुःखद असली तरी तिला शेवट असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे अपराधी भावना. “मीच त्याला डोंगराची गोडी लावली”, “या वयात जाऊ नकोस असे मी म्हटले नाही”, “मी गुडघ्यामुळे गेलो नाही आणि तो गेला.” अशा माणसाला “तुमची काही चूक नाही” असे घाईने सांगून उपयोग होत नाही. त्याला ते बुद्धीला कळत असते, पण मनाला पटलेले नसते. अशा वेळी त्याला पूर्ण बोलू द्यावे आणि मग हळूच विचारावे, “तुमच्या जागी ते असते आणि तुम्ही गेला असता, तर तुम्ही त्यांना दोष दिला असता का?” बहुतेक जण या प्रश्नापाशी थांबतात. स्वतःला जी माफी देता येत नाही, ती मित्राला सहज देता येते, हे त्यांच्या ध्यानी येते.

शोक शरीरातही उतरतो

दुःख मनाचे असते आणि औषध शरीराचे, अशी विभागणी प्रत्यक्षात नसते. बोस्टन येथील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की जवळच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर पहिल्या २४ तासांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता एरवीपेक्षा सुमारे २१ पट वाढते आणि पुढील दिवसांत ती उतरत जाते. ज्यांचे हृदय निरोगी आहे त्यांनी या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण त्यांचा मूळ धोकाच अगदी कमी असतो. परंतु ज्यांना पूर्वी झटका येऊन गेला आहे, ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, ज्यांना मधुमेह किंवा उच्च रक्तदाब आहे, त्यांच्या घरच्यांनी हे दिवस जपावेत.

आणखी एक विकार जपानी डॉक्टरांनी १९९० साली प्रथम वर्णन केला. तीव्र मानसिक धक्क्यानंतर हृदयाच्या डाव्या कप्प्याचा खालचा भाग काही काळ नीट आकुंचन पावत नाही आणि फुग्यासारखा फुगतो. ऑक्टोपस पकडण्याच्या जपानी मडक्यासारखा त्याचा आकार दिसतो, म्हणून त्याला ‘ताकोत्सुबो’ म्हणतात. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत तो अधिक आढळतो. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. मात्र लक्षणे झटक्यासारखीच असल्याने तपासणीशिवाय फरक कळत नाही. म्हणून छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, धाप, गार घाम यांपैकी काही झाले, तर “दुःखामुळे होत असेल” असे म्हणून थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि इसीजी काढावा.

याखेरीज रोजच्या जगण्यातील चार गोष्टींकडे लक्ष असावे.

पहिली, नेहमीची औषधे. शोकाच्या दिवसांत गोळ्या विसरतात किंवा दोनदा घेतल्या जातात. दोन आठवडे तरी घरातील एकाने त्या हातात द्याव्यात. जेवण कमी झाले असताना मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत चालू राहिले, तर साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवावी.

दुसरी, अन्नपाणी. ताट भरून आग्रह करण्यापेक्षा थोडे थोडे, मऊ आणि ओळखीचे द्यावे: पेज, मऊ भात, मुगाची खिचडी, ताक. तहान लागली नाही तरी पाणी जवळ ठेवावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर वा मिठावर बंधन असेल, तर ते तसेच पाळावे.

तिसरी, झोप. कपाटातील जुनी झोपेची गोळी आपल्या मनाने देऊ नये. वृद्धांत तिच्यामुळे तोल जातो, रात्री लघवीला उठताना पडणे होते आणि खुब्याचे हाड मोडते. मद्याने झोप येते हा समजही फसवा आहे. ती झोप तुटक असते. दुपारची डुलकी अर्ध्या तासाची, संध्याकाळनंतर चहा नाही आणि सकाळच्या उन्हात थोडे चालणे, एवढ्याने पुष्कळांना आराम पडतो.

चौथी, हालचाल. माणूस एकाच खुर्चीवर दिवसचे दिवस बसून राहिला, तर स्नायूंची शक्ती झपाट्याने जाते. फिरायला नेणे हे त्या काळात औषधच आहे. सोबत चालताना, समोरासमोर न पाहता, पुरुष अधिक मोकळेपणी बोलतात, हाही माझा अनुभव आहे.

वार्ता कशी सांगावी?

“आजोबांना सांगायचे की नाही?” हा प्रश्न मला अनेक घरांतून विचारला जातो. धक्का बसेल या भीतीने बातमी दडवली जाते. पण ती राहत नाही. शेजारी बोलतात, समाजमाध्यमांवरील गटात श्रद्धांजली येते. मग मित्राच्या मृत्यूसोबत घरच्यांनी आपल्याला लहान मूल समजल्याचे दुःखही सोसावे लागते, आणि अंत्यदर्शनाची वेळ निघून गेलेली असते. म्हणून सांगावे, मात्र रीत सांभाळावी. दिवसा सांगावे, रात्री निजताना नको. खाणे आणि औषधे झालेली असावीत. जवळ बसून, श्रवणयंत्र लावले आहे याची खात्री करून, स्पष्ट शब्दांत सांगावे. “त्यांना जरा लागले आहे” अशा खोट्या पायऱ्या घेऊ नयेत. सांगून झाल्यावर उठून जाऊ नये.

स्मृतिभ्रंश झालेल्यांची गोष्ट निराळी आहे. ते बातमी विसरतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात, “तो आला नाही अजून?” प्रत्येक वेळी मृत्यूची बातमी नव्याने सांगणे म्हणजे प्रत्येक वेळी नवा घाव घालणे. अशा वेळी “तुम्हांला त्यांची आठवण येते आहे ना? तुम्ही दोघे भीमाशंकरला कसे जात होता ते सांगा” असे म्हणून त्या माणसाविषयी बोलत राहावे. प्रश्नाच्या मागे आठवण असते. तिला उत्तर मिळाले की अस्वस्थता बहुधा शमते.

घरच्यांनी काय करावे, काय टाळावे

“वयच झाले होते”, “निदान आवडीच्या ठिकाणी गेला”, “तो काय आपला नात्याचा होता?”, “एवढे मनाला लावून घेऊ नका, बीपी वाढेल” ही वाक्ये चांगल्या हेतूने उच्चारली जातात, पण ऐकणाऱ्याला गप्प करतात. त्यांपेक्षा मित्राचे नाव घेऊन एक साधा प्रश्न विचारावा: “तुमची ओळख कशी झाली होती?”

शक्य असेल तर त्यांना अंत्यविधीला किंवा दहाव्याला घेऊन जावे. लोकलची गर्दी सोसत नसेल तर मुलाने एक दिवस सुटी काढावी. हा खर्च वाया जात नाही. जाणे अशक्य असेल तर मित्राच्या पत्नीशी फोनवर बोलणे करून द्यावे. तिच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते आणि यांच्याकडे तिला ठाऊक नसलेल्या तरुणपणीच्या आठवणी असतात. अशा दोन माणसांच्या बोलण्याने दोन घरांतील शोक हलका होतो.

विधी मनाला आधार देतात. मित्रासाठी ते आपण ठरवू शकतो. जुन्या सोबत्यांनी एखाद्या रविवारी एकत्र जमावे, छायाचित्रे काढून पाहावीत, आणि पाय साथ देत असतील तर डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाऊन यावे.

विधीची गरज किती खोल असते, हे आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्याने पाहिले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याशी असलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. चार दिवसांनी शोधकार्य थांबवण्यात आले तेव्हा ५७ जण बेपत्ता होते. त्या वाडीत वाचलेल्यांपैकी अनेकांचे नातलग गेले, आणि ज्यांच्या खांद्यावर डोके ठेवून रडावे ते शेजारी आणि सवंगडीही गेले. देह न मिळाल्यास मन वाट पाहणे सोडत नाही. अशा वेळी देहाविना का होईना, चार माणसांच्या समक्ष निरोप देणे आवश्यक असते. डोंगरात, नदीत किंवा बर्फात हरवलेल्यांच्या मित्रांनाही हेच लागू पडते.

किती दिवस?

शोकाच्या पाच पायऱ्या असतात, असे पुष्कळांनी वाचलेले असते. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली ते टप्पे मांडले, ते मृत्युपंथाला लागलेल्या रुग्णांशी झालेल्या संभाषणांवरून. मागे राहिलेल्यांचा शोक असा जिना चढत नाही. नेदरलँड्समधील मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ साली मांडलेले चित्र मला रुग्णांच्या अनुभवाशी अधिक जुळणारे वाटते. त्यांच्या मते माणूस दोन काठांमध्ये ये-जा करतो: काही वेळ दुःखात, काही वेळ रोजच्या कामांत. सकाळी रडलेला माणूस दुपारी नातवाबरोबर पत्ते खेळून हसला, तर त्याचे दुःख खोटे होते असे समजू नये. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेच्या २०१२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत रमेश गुळवे या सहकाऱ्याला सुरुवातीसच बेस कॅम्पवर अर्धांगाचा झटका आला आणि त्यांना जीव गमवावा लागला. उरलेल्या चमूने मोहीम पुढे चालू ठेवली आणि मे महिन्यात आठ जण शिखरावर पोहोचले. शोक आणि काम ही दोन्ही माणसाच्या ठायी एकाच वेळी असू शकतात.

बहुतेकांचा शोक काही महिन्यांत मवाळ होतो. वर्षश्राद्धाला, वाढदिवसाला, पहिल्या पावसात तो पुन्हा उसळतो आणि ओसरतो. परंतु सहा महिन्यांहून अधिक काळ तीच तीव्रता राहिली, माणूस खाणे-पिणे, भेटणे, बोलणे सोडून बसला, तर तो उपचार करण्याजोगा विकार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ‘दीर्घकालीन शोकविकार’ म्हणून त्याची स्वतंत्र नोंद आहे. वजन उतरणे, स्वतःला निरुपयोगी मानणे, “आता मलाही न्या” असे वारंवार म्हणणे, ही लक्षणे दिसल्यास सहा महिने थांबू नये. डॉक्टरांना लगेच दाखवावे. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही ‘एल्डर लाइन’ आहे.

डोंगराची भीती

शेवटी एक गोष्ट नातवंडांविषयी. मित्र डोंगरात गेल्यावर काही आजोबा घरातील तरुणांना डोंगर बंद करतात. त्यामागील माया समजण्यासारखी आहे. परंतु बंदीने मुले न सांगता जाऊ लागतात, आणि तेच अधिक धोक्याचे. पावसाळ्यात दर शनिवार-रविवारी नेरळ, भिवपुरी आणि कर्जतला उतरणारे थवे आम्ही पाहतो. त्यांतील कित्येकांना ओल्या कातळाची आणि एकाएकी वाढणाऱ्या ओढ्याची कल्पना नसते. ती कल्पना आजोबांना आहे. कोणत्या वाटेला गावचा वाटाड्या हवाच, कोणत्या धबधब्याखाली उभे राहू नये, अंधार पडण्यापूर्वी कोठपर्यंत परतलेच पाहिजे, हे त्यांनी मित्राबरोबर चालून मिळवलेले ज्ञान आहे. ते त्यांनी मित्राचे नाव घेऊन नातवंडांना द्यावे.

आणि ज्यांच्या घरी असे आजोबा किंवा आजी आहेत, त्यांनी हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी एक काम करावे. त्यांच्या जवळच्या तीन मित्रमैत्रिणींची नावे आणि फोन क्रमांक त्यांना विचारून एका वहीत लिहून घ्यावेत. त्यांतील एकाला आज संध्याकाळीच फोन लावून द्यावा. वेळ आली तर कोणाला कळवायचे आणि कोणाचे दुःख आपल्या घरात आले आहे, हे त्या वहीवरून घरच्यांना समजेल.